शोभाताईचा काठ, माझा नकाशा

माझ्या मोठ्या जाऊबाईंबद्दल कुणी वाईट बोललेलं मी अडतीस वर्षांत ऐकलं नाही. वाट मात्र भरपूर पाहिली.

जाऊबाई म्हणजे शोभाताई. वय चौसष्ट, उंची बेताची आणि आवाज त्याहून बेताचा. भंडाऱ्यात आमच्या गल्लीत कुणाकडे बाळंतपण असो, कुणाचा दहावा असो की कुणाच्या मुलीला बघायला पाहुणे येणार असोत, पहिली हाक शोभाताईला जाते. मग कुणाला तरी आठवतं की त्याच घरात आणखी एक बाई राहते, ती शिक्षिका होती, तिलाही सांगायला हवं. ती दुसरी बाई मी. साधना कमलेश सोनकुसरे, निवृत्त भूगोल शिक्षिका. तोंडावर मी तिला 'ताई, तुम्ही' म्हणते आणि मनात अगंतुगं करते. इथं मनातलंच लिहिणार आहे.

ती आंधळगावची, कोसा रेशीम विणणाऱ्या घरातली. आठवी झाली, लग्न झालं, आणि हळद उतरायच्या आत ती सासूच्या शेजारच्या मागावर जाऊन बसली. त्यानंतर सात वर्षांनी मी आले. बी.ए., बी.एड., भूगोल विषय. मला वाटलं होतं, सोनकुसऱ्यांच्या घरात पहिली शिकलेली सून येते आहे, लोक बघायला दारात उभे राहतील. लोक उभे होतेच. शोभाताईनं वडे तळायला घेतले होते, त्याच्या वासानं.

तिला मूल झालं नाही. मला कीर्ती झाली. कीर्ती आठ महिन्यांची असताना माझी रजा संपली आणि मी तिला शोभाताईच्या स्वाधीन करून भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या शाळेत जाऊ लागले. शोभाताईनं मागाच्या बाजूला लुगड्याची झोळी बांधली. एका हातानं झोळीची दोरी ओढायची, दुसऱ्या हातानं मागावरचा धोटा फेकायचा. माझी मुलगी त्या खटखट आवाजात झोपायला शिकली आणि घरात शांतता झाली की रडायला लागायची. 'आई' हा शब्द ती पहिल्यांदा बोलली तो शोभाताईला बघून. मी शाळेत होते, मला नंतर कळलं. मग सासूबाईंनी तिला 'मोठी आई' म्हणायला शिकवलं, म्हणजे माझ्या वाट्याला नुसती 'आई' तरी मोकळी राहील.

कीर्ती आता चौतीस वर्षांची आहे, पुण्यात असते. दर रविवारी फोन येतो. आधी शोभाताईच्या फोनवर, पाऊण तास. नंतर माझ्या फोनवर. "आई, कशी आहेस? मोठी आई सांगत होती, तुझा गुडघा दुखतो आहे." माझा गुडघा माझ्या मुलीपर्यंत जाऊबाईंच्या मार्फत पोचतो, यावर कुणाच्या अंगाचा तिळपापड होणार नाही?

आमचे हे म्हणतात, "तुह्या पोटात कायले दुखते? ते बाई तुह्यासाठी मरमर मरते." तेच तर दुखतं. ती भांडली असती तर मी कधीच जिंकले असते. बारावीच्या मुलांना जिंकलं, मुख्याध्यापकांना जिंकलं. हिनं कधी समोर उभं राहायलाच नकार दिला. गेल्या सात वर्षांपासून, म्हणजे मोठे भाऊजी सेवकराम गेल्यापासून, तर ती विधवा आणि मी सौभाग्यवती; आता तिच्याबद्दल मनात वाईट आणलं तरी पाप.

तर अशा या घरात गेल्या डिसेंबरात नकाशा आला.

झालं असं की आमच्या सार्वजनिक वाचनालयाची जुनी खोली पाडायची होती. लोखंडी कपाट हलवलं तर त्याच्या मागे, भिंतीला टेकून, गुंडाळलेलं काहीतरी सापडलं. कापडावर चिकटवलेला जाड कागद. वाचनालयाचा सचिव भूपेंद्र हा माझा जुना विद्यार्थी. त्यानं ते उलगडलं आणि थेट मला फोन केला. शोभाताईला नाही, मला. हे मी आवर्जून लिहिते आहे.

तो हिंदुस्थानचा नकाशा होता. मजकूर सगळा फ्रेंच. रंग हातानं भरलेले, डोंगर केसाळ सुरवंटांसारखे काढलेले, आणि कन्याकुमारीखाली एक शिडाचं जहाज. वाचनालयात तो कसा आला ते कुणालाच माहीत नव्हतं. उजवा खालचा कोपरा, जिथं साल छापलेलं असणार, तो वाळवीनं खाल्लेला. भूपेंद्र म्हणाला, "मॅडम, हा किती जुना आहे ते तुम्हीच सांगू शकता. आपल्याकडे दुसरं कोन आहे?"

दुसरं कोण आहे! एकतीस वर्षं मी या वाक्याची वाट पाहत होते.

मी कामाला लागले. भूपेंद्रनं नकाशाचे फोटो काढून पोस्टरएवढी प्रत छापून दिली. मोबाइलवर एकेक फ्रेंच शब्द टाकून त्याचा अर्थ काढत गेले. नागपूर मोठ्या अक्षरात, भोसल्यांचं राज्य म्हणून वेगळ्या पिवळ्या रंगात. आगगाडीची रेघ कुठेच नाही. म्हणजे जुना तर होताच. पण किती जुना? नकाशा उघडला की माणूस आधी आपलं गाव शोधतो, तसं मी नागपूर आणि भंडारा शोधलं आणि त्यांचं रेखावृत्त मोजलं. नागपूर एकोणऐंशीवर हवं, ते निघालं पावणेसत्याहत्तरावर. भंडाराही तसंच मागे. फ्रेंचांनी नागपूर उचलून पार अकोल्यापलीकडे नेऊन ठेवलं होतं!

मला आनंदानं टाळी वाजवावीशी वाटली. इतकी ढोबळ चूक म्हणजे इंग्रजांनी देशाची पद्धतशीर मोजणी सुरू करण्याआधीचा नकाशा. मोजणी सुरू झाली अठराशे दोन साली. म्हणजे हा त्याआधीचा. मी धाडस केलं आणि लिहून दिलं: इ.स. १७८० च्या सुमारास.

पुढं सगळं भराभर झालं. स्थानिक पेपरात बातमी आली, 'भंडाऱ्यात अडीचशे वर्षांपूर्वीचा फ्रेंच नकाशा', सोबत माझा फोटो. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी नकाशाचं अनावरण ठरलं. नागपूरहून इतिहासाचे एक निवृत्त प्राध्यापक नकाशा पाहायला आणि बोलायला येणार होते. भूपेंद्रनं पितळी पाटी करायला टाकली. तिच्यावर साल, आणि सालाखाली 'कालनिश्चिती: सौ. साधना कमलेश सोनकुसरे'. मी कीर्तीला फोन केला. ती म्हणाली, "आई, मी येते." माझ्यासाठी येते म्हणाली. दिवाळीला ती मोठ्या आईच्या अनारशांसाठी येते, हे मला कुणी सांगायला नको. पण या वेळी ती पहिल्या रांगेत बसून माझ्याकडे बघणार होती. मला त्या नकाशातून दुसरं काही नको होतं.

कार्यक्रमाच्या आधीचा गुरुवार. दुपारी मी जेवणाच्या टेबलावर नकाशाची प्रत पसरून भाषणाची तयारी करत होते. शोभाताई पलीकडे बसून पोपटीच्या शेंगा सोलत होती. बऱ्याच वेळानं ती हात पुसून उठली आणि नकाशावर वाकली.

"नागपूर चुकलं म्हनते ना तू?"

"हो."

"कितीनं?"

मी तिला सांगितलं, सव्वादोन अंशांनी. सांगताना आवाजात जरा शिक्षिका आणली. तिनं मान हलवली, आत गेली आणि दोऱ्याचं रीळ घेऊन आली. नागपुरापासून वरच्या कडेपर्यंत दोरा ताणून आकडा पाहिला. मग माझ्या शाळेच्या ॲटलासमध्ये तसाच दोरा ताणला. नंतर म्हणाली, "मुंबई कुठं हाये इथं?" मी बोट ठेवलं. तिनं दोरा ताणला. "कलकत्ता?" दोरा. "दिल्ली?" दोरा. मी मनात म्हटलं, करमणूक चालली आहे बाईची.

"साधना," ती म्हणाली, "नागपूर एकटं नाई सरकलं. मुंबई तेवढीच सरकली, कलकत्ताही तेवढंच. सारं गावंच्या गावं सारखीच सरकली हायेत. हे चूक नाई वाटत मले. यायनं कोन्या काठानं मोजलं?"

आता हे काठाचं प्रकरण सांगायलाच हवं, कारण आमच्या घरात ते पाठ नसलेला माणूस नाही. शोभाताई नवी नवरी असताना तिनं मागावर पहिली साडी विणली. एक काठ रुंद, एक अरुंद. आमच्या घरी बुट्टीची, म्हणजे अंगावरच्या नक्षीची, जागा अरुंद काठापासून धागे मोजून धरतात, तिच्या माहेरी रुंद काठापासून. तिनं माहेरची सवय चालवली. साडी उतरली तेव्हा सगळ्या बुट्ट्या चार बोटं सरकलेल्या. सासरे भडकले. सासूबाईंनी, म्हणजे कुंताबाईंनी, साडी पसरली, दोरा लावून पाहिला आणि म्हणाल्या, "एक बुट्टी सरकली असती तं चूक म्हनली असती. साऱ्याच सारख्या सरकल्या. पोरीनं माहेरच्या काठानं मोजलं, एवढंच." ही गोष्ट सासूबाई मरेपर्यंत आल्यागेल्याला कौतुकानं सांगत राहिल्या. माझ्या हातून पहिली पोळी जळली तेव्हा मात्र ती नुसती जळलेली पोळी होती.

म्हणून 'कोन्या काठानं मोजलं' हे ऐकल्याबरोबर माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"ताई, रेखावृत्तं मोजायला काठ एकच असतो. ग्रीनिच. सगळ्या जगाचा तोच."

"तुह्या शाळंत असन," ती म्हणाली आणि शेंगांकडे परत गेली.

मी तिच्या पाठीकडे बघत बसले. एकतीस वर्षं मी फळ्यावर एक उभी रेघ ओढत आले आणि मुलांना सांगत आले की ही शून्य अंशाची रेघ, ही ग्रीनिचवरून जाते. ती देवानं आखलेली असावी अशा थाटात सांगितलं. ती कधीतरी, कुणीतरी ठरवली असेल, आणि ठरवण्याआधी फ्रेंच माणूस आपल्या देशातून मोजत असेल, हा विचार एकदाही डोक्यात आला नव्हता.

ती चक्कीवर गेल्यावर मी भिंग काढलं. नकाशाच्या खालच्या चौकटीला लागून बारीक अक्षरांची एक ओळ होती. तिच्यातला 'पॅरिस' हा शब्द मी पहिल्याच दिवशी वाचला होता आणि नकाशा तिथं छापला असेल म्हणून सोडून दिला होता. आता अख्खी ओळ मोबाइलमध्ये घातली. अर्थ आला: रेखांश, पॅरिसच्या पूर्वेला. पॅरिस ग्रीनिचच्या पूर्वेला किती? दोन अंश वीस मिनिटं.

मी एकेक गाव घेऊन बेरीज केली. नागपूर जागेवर आलं. भंडारा जागेवर आलं. कलकत्ता, दिल्ली, मुंबई, सगळी मुकाट्यानं आपापल्या जागी जाऊन बसली. नकाशा चुकलेला नव्हताच. इतका अचूक होता की मोजणी पुष्कळशी झाल्याशिवाय तसा काढताच आला नसता. मग बाकीचंही दिसू लागलं. पुण्याभोवतीचा तांबडा रंग मी ओघळलेला समजले होते. तो इंग्रजांचा मुलूख होता, म्हणजे पेशवाई बुडाल्यानंतरचा, १८१८ नंतरचा. आसामभोवतीही तांबडी रेघ, म्हणजे १८२६ नंतरचा. साताऱ्याचं राज्य अजून वेगळ्या रंगात, म्हणजे १८४८ च्या आधीचा. नकाशा १८२६ ते १८४८ मधला होता. माझ्या सालापेक्षा निदान सेहेचाळीस वर्षांनी तरुण.

मला रडू आलं. चुकले म्हणून नाही. शिक्षक चुकतो, दुरुस्त करतो. पण माझा विषय, माझं ॲटलास, माझा एकुलता एक सन्मान, आणि त्यातही बरोबर कोण निघावं तर ती. दोऱ्याचं रीळ घेऊन! प्राध्यापकांनी रविवारी ती बारीक ओळ वाचली असती तर कीर्तीच्या देखत मी तोंडघशी पडले असते. शोभाताईनं मला वाचवलं होतं, आणि यापेक्षा तोंडघशी पडलेलं परवडलं असतं असं त्या क्षणी मला वाटलं. खोटं कशाला लिहू?

संध्याकाळी तिनं विचारलं, "पाह्यलं काय ते?"

"बघते आहे अजून," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं नाही. शनिवारी कीर्ती आली आणि बॅग खाली ठेवायच्या आत शोभाताईच्या खोलीत गेली. तेव्हाच मी ठरवलं. नवं साल मी सांगणार, आणि शोध माझा म्हणूनच सांगणार. गणित मी केलं होतं, फ्रेंच ओळ मी शोधली होती, सातारा आणि आसाम मी ओळखले होते. तिनं केलं काय, तर एक प्रश्न विचारला.

भूपेंद्रला फोन करून साल बदलायला सांगितलं तर तो कळवळला. "मॅडम, अडीचशे वर्षं म्हनून पत्रिका छापल्या ना! थोडं इकडंतिकडं चालून जाईन, कोन पाहून राह्यलं?" मी त्याला दहावीत हाक मारायची त्या आवाजात म्हटलं, "भूपेंद्र." तो म्हणाला, "पाटी रातोरात नवीन करतो."

रविवारी अकरा वाजता वाचनालयाचं सभागृह भरलं होतं. नदीपलीकडच्या कारध्यापासून लोक आले होते. पहिल्या रांगेत हे, कीर्ती, आणि तिच्या शेजारी शोभाताई, स्वतः विणलेल्या मोतिया रंगाच्या कोशाच्या साडीत. प्राध्यापकांनी नकाशा आधी नीट पाहून घेतला होता. त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की त्यांनी ती ओळ वाचली आहे आणि आता या बाईचं काय करावं या काळजीत आहेत.

मी उभी राहिले. म्हटलं, "पेपरात आलेलं साल चूक आहे. ती चूक माझी होती आणि ती मीच दुरुस्त करते आहे." सभागृहात चुळबुळ झाली. मग मी सांगत गेले. नागपूर कसं सरकलेलं दिसलं, मग मुंबई, कलकत्ता, दिल्ली कशी मोजली. एकतीस वर्षांचा सराव कामी आला. फळा नव्हता, तरी लोकांना रेघा दिसत होत्या. कीर्ती पुढे झुकून ऐकत होती. तिचे डोळे माझ्यावर होते. माझ्यावरच होते.

आणि त्या भरात मी बोलून गेले, "एक गाव सरकलं असतं तर चूक म्हटली असती. सगळीच सारखी सरकली. मग प्रश्न एवढाच उरतो, मोजणाऱ्यानं कोणत्या काठानं मोजलं?"

कीर्तीनं मान वळवून शोभाताईकडे पाहिलं. शोभाताई समोर बघत होती.

मी पुढं पॅरिस, सातारा, आसाम सगळं सांगितलं. टाळ्या पडल्या. प्राध्यापक उठून म्हणाले की असा प्रश्न पुस्तकं वाचून सुचत नाही, त्याला दृष्टी लागते, आणि ती मॅडमकडे आहे. सगळ्यांत जास्त वेळ टाळ्या वाजवत होती शोभाताई. पितळी पाटीवरचा कागद काढला गेला. माझं नाव चकाकत होतं. मी ते वाचलं आणि मला काहीच वाटलं नाही.

बाहेर अंगणात चहा आणि आलूबोंडे होते. आम्ही तिघी कडेला उभ्या होतो. हे भूपेंद्रशी बोलत आत राहिले होते.

कीर्तीनं विचारलं, "मोठी आई, हे तू सांगितलं ना आईले?"

"का?"

"काठाचं."

शोभाताईनं आलूबोंड्याचा तुकडा मोडला. "मले काय समजते वो नकाशातलं? मी तं शेंगा सोलत होती. सारं तुह्या आईनं केलं. दोन दिवस जेवली नाई धड."

तिनं हे इतक्या सहज सांगितलं की मीही विश्वास ठेवला असता. कीर्तीनंही ठेवला असता. मी गप्प राहिले असते तर सुंठीवाचून खोकला गेला असता. पण माझ्या डोळ्यांपुढं पुढची वीस वर्षं उभी राहिली. दर सणाला ही माझ्या ताटात गरम पोळी वाढणार आणि मी तिनं दिलेल्या नावावर ती खाणार. इतकी वर्षं तिनं माझी मुलगी सांभाळली, माझ्या सासूची सेवा केली, माझा गुडघा शेकला, आणि आता माझी चोरीसुद्धा तिनं मला दान करावी? मला तिचं दान नको होतं. चांगुलपणानं नव्हे, निव्वळ जळफळाटानं माझ्या तोंडून निघालं, "हो! तिनंच सांगितलं! दोरा लावून दाखवलं. मी तिचं चोरलं. झालं समाधान?"

आजूबाजूचे दोघे-तिघे वळून पाहू लागले. कीर्ती माझ्याकडे बघून हसली. तिनं माझा हात धरला. मोठी झाल्यापासून तिनं माझा हात रस्ता ओलांडण्यापुरताच धरला होता.

"आई, तुला हे बोलायला किती जड गेलं असेल, ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "लहानपणापासून बघते आहे मी."

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. मला वाटायचं मी फार छान लपवते आहे. मी मान खाली घातली. ती म्हणाली, "थांबा, भूपेंद्रदादाला सांगते, पाटीवर दोन्ही नावं टाका म्हणून," आणि आत पळाली.

अंगणात आम्ही दोघीच उरलो. मला वाटलं, आता ही म्हणेल, जाऊ दे साधना, त्यात काय एवढं. मी त्या वाक्याला उत्तरही तयार ठेवलं होतं.

"काहून सांगतलं तू?" शोभाताई म्हणाली. आवाज तोच, बेताचा. पण ती माझ्याकडे बघत नव्हती.

"खरं होतं म्हणून."

"खरं मले ठाव होतं, तुले ठाव होतं. बस होतं ना." तिनं हातातला द्रोण चुरगळला. "तू शाळंत जाये, मी मागावर बसो. सायंकाळी तुह्या चपलेचा आवाज आला का कीर्ती झोळीतून उतरून धावत सुटे. दिवसभर माह्यापाशी राहे, अन् तू दिसली का मले वळूनही नाई पाहे. धोटा हातातच राहून जाये माह्या. तुले पोरगी, तुले पगार, तुले मॅडम म्हनतात. माह्यापाशी का होतं? शोभाताई चांगली हाये, एवढंच होतं."

कीर्ती धावत यायची? मला आठवत होतं ते एवढंच, की मी थकलेली असायची आणि बस उशिरा असायची.

"पोरगी तं मी माह्यासाठीच सांभाळली. आज पह्यल्यांदा तुह्यावर माहा उपकार झाला होता," ती म्हणाली. "तुह्यासारखीवर! कोनाले सांगनार नोती मी. मरेपावतर मनात ठेवनार होती. तेही तू घेतलं."

तिचे डोळे भरले होते आणि ती रागावलेली होती. अडतीस वर्षांत मी तिला पहिल्यांदा रागावलेली पाहत होते. माफी मागावी तर कशाची, चोरल्याची की परत केल्याची? मी पदरानं तिच्या साडीवर सांडलेला आलूबोंड्याचा चुरा झटकला. तिनं माझा हात दूर केला नाही आणि धरलाही नाही.

तेवढ्यात कीर्ती आली. "झालं काम. चला, ऑटो उभा आहे." हे मागून पायी येतो म्हणाले. मागच्या सीटवर कीर्ती मधे बसली. शोभाताईनं तिचा डावा हात आपल्या मांडीवर घेतला, मी उजवा घेतला. दारात ऑटो थांबला, कीर्तीला पैसे द्यायला पर्स उघडायची होती, आणि आम्हां दोघींपैकी कुणीच हात सोडत नव्हतं.